लुक्सचा नैवेद्य

१४ सप्टेंबर २०१४

भास्करमामा, पाया पडतो.

फोनच केला असता, पण फटाके लावून बिबटे हाकलता हाकलता तुमचे कान गेले, आणि आई मधे बसली की माझं अर्धं आणि स्वतःचं अर्धं सांगते. म्हणून कागद. सातवीत शाळा सुटली तेव्हा अक्षर जिथं होतं तिथंच आहे, सांभाळून घ्या.

काम असं. जुन्नरच्या उसात तीस वर्षं बिबट्यांमागं फिरलेला वनखात्याचा गार्ड माझ्या ओळखीत एकच. इथं मला जनावर दिसलंय.

मी आता जर्मनीतल्या हार्त्स नावाच्या डोंगराच्या पायथ्याला आहे. मी ज्याच्या किचनात कामाला आहे त्या नागेशदादाचं हॉटेल गावात, आणि माझी खोली तिथून सायकलनं वीस मिनिटांवर, फ्राऊ लेमके नावाच्या म्हातारीच्या शेतावर. चौदा मेंढ्या, कोंबड्या, आणि नाताळासाठी पोसलेली मोठी पांढरी बदकं. सकाळी कोंबड्या सोडायचं काम माझं, म्हणून भाडं कमी. वोल्फ्सबुर्गच्या मोटारीच्या कारखान्यातली आपली पुण्याकडची मंडळी शनिवार-रविवारी डोंगर चढायला येतात आणि आमच्याकडं जेवून जातात. बाकी सगळा शुकशुकाट.

मंगळवारी सकाळी खुराड्यामागच्या भिंतीवर बसलेलं होतं. कुत्र्यापेक्षा थोडं मोठं, पाय उंच, शेपूट कुणी तोडून घेतल्यासारखी, आणि कानांच्या टोकाला काळ्या केसांचे झुपके. माझ्याकडं बघून जांभई दिली. मी म्हातारीला बोलावलं तर ती म्हणाली, "लुक्स." मला वाटलं साबणाचं काही सांगतेय. मग मोबाईलवर फोटो दाखवला. लुक्स म्हणजे रानमांजराचा मोठा भाऊ. म्हणे माणसाला काही करत नाही. हे तिनं हसत सांगितलं, आणि तुम्हाला माहीत आहे, हसत सांगितलेलं मी धरत नाही. दोह्याचा मुकादमही हसतच सांगायचा.

शेजारी हेर डोर्न (हेर म्हणजे इथलं श्रीयुत) म्हणून सत्तरीचा माणूस आहे. शिकारी. इथं शिकारीचा परवाना असतो, बंदुका लोखंडी कपाटात असतात. मला 'गुटन टाग', म्हणजे साधा नमस्कारही, म्हणत नाही. दुर्बीण गळ्यात घालून कुंपणाशी उभा राहतो, कधी जंगलाकडं बघतो, कधी माझ्या खिडकीकडं. काल म्हातारीशी बोलताना "लुक्स" आणि "वेग" एवढं मला कळलं. वेग म्हणजे बाजूला, नाहीसं. त्याला ते जनावर नको आहे. बहुतेक मीही नको आहे.

काय करायचं ते कळवा. नाही जमलं तर बॉनला ओळखीचा एक आहे, त्याच्या किचनात जागा आहे.

तुमचा प्रताप


३० सप्टेंबर २०१४

प्रताप, सुखी रहा, आणि एका जागी रहा.

पुणे, मुंबई, दोहा, आता हे. तुझ्या प्रत्येक मुक्कामात एक हसणारा आणि एक न बोलणारा निघतो, आणि दोघेही तुझ्यावर टपलेले असतात. असो.

तू लिहिलेल्या जनावराचं चित्र मी तालुक्याच्या वाचनालयात जाऊन पाहिलं. बिबट्याच्या अर्ध्या वजनाचंही नाही. बाई खरं बोलते. पण माणसाला न खाणारं जनावर कोंबडी खातं, आणि कोंबडी सोपी मिळाली की रोज येतं, हे सगळीकडे सारखंच असणार. तेव्हा नीट वाच. कोंबड्या-बदकं सूर्य बुडायच्या आत कोंडायची, आणि खुराड्याला वरूनही जाळी हवी, कारण मांजरजात वरून येते. भिंतीलगतचं गवत-झुडूप काप, लपायला जागा ठेवू नकोस. उष्टं-खरकटं उघड्यावर टाकायचं नाही. समोर आलं तर पळू नकोस, वाकू नकोस, उभा राहून हात वर कर आणि ओरड. जांभई दिली हे मला आवडलं नाही. भ्यायला हवं होतं.

दुसरं. ऑक्टोबरच्या वीस तारखेला, दिवाळी लागताना, वाघबारस आहे. तुझी आई धोशा लावून बसली आहे आणि खरं सांगायचं तर मलाही वाटतं. शेताच्या हद्दीवर एखादा दगड बघ, शेंदूर मिळणार नाही, कुंकू लाव, आणि वाघोबाला नैवेद्य दाखव. देव तिकडचा असला तरी समजून घेईल.

त्या डोर्नविषयी तू जे लिहिलंस त्यात फक्त दुर्बीण खरी आहे. बाकी तू जोडलेलं आहे.

भास्करमामा


९ नोव्हेंबर २०१४

मामा, पाया पडतो.

जाळी बसवली. झुडपं कापली, हाताला फोड आलेत. वाघबारसही केली. सोमवारी हॉटेल बंद असतं, बरं झालं. कुरणाच्या टोकाला, जिथून जंगल सुरू होतं, तिथं कंबरभर उंचीचा एक काळा दगड आहे. कुंकू लावलं. नारळ तुर्की दुकानात मिळाला. लहानपणी वाघबारसेला माणसं कोंबडा घेऊन हद्दीवर जायची आणि रिकाम्या हातानं यायची, तेवढं मला आठवतं. पोरांना पुढं येऊ देत नव्हते. म्हणून मी हॉटेलातल्या कोंबडीच्या माना आणि मटणाचे चरबीचे तुकडे घेतले, देवाचं आहे म्हणून हळद-मीठ चोळलं आणि पानावर मांडून आलो.

दुसऱ्या दिवशी पान चाटून साफ! मला इतकं बरं वाटलं मामा. इथं येऊन दोन वर्षं होत आली, मी दिलेलं कुणी घेतलंय असं पहिल्यांदा झालं. म्हणून आता दर रविवारी सकाळी कामावर जायच्या आधी ठेवतो. आजची चौथी वेळ. आणि खरंच, खुराड्याकडं ते फिरकलं नाही. कुरणात मात्र दोनदा दिसलं, भर उजेडात, दगडापासून हाकेच्या अंतरावर. भिंतीवर दिसलं होतं त्यापेक्षा अंगानं लहान आहे, पिल्लू असावं. त्याची आई बरोबर दिसत नाही.

आता डोर्नचं. तुम्ही म्हणता मी जोडतो. तर ऐका डोळ्यांनी बघितलेलं. मागच्या सोमवारी सकाळी तो दगडापाशी वाकलेला होता. हातांत रबरी मोजे, एका हातात काळी पिशवी. मला बघितलं आणि पिशवी कोटामागं घेतली. मोजे घालून, पिशवी घेऊन जंगलाच्या तोंडाशी कोण जातं? त्याला लुक्स नको आहे. इथं त्याला मारणं मोठा गुन्हा आहे, पण आमिष लावून जवळ बोलवायचं आणि मग काहीतरी बहाणा करायचा, हे शिकाऱ्याला शिकवायला लागत नाही.

फ्राऊ लेमकेला मी हावभावांनी सांगितलं. ती म्हणाली, डोर्न तसा नाही. ही दोघं एका शाळेतली आहेत. तेव्हा तिच्याही बोलण्यावर किती जायचं?

प्रताप


३० नोव्हेंबर २०१४

मामा,

तुमचं उत्तर यायच्या आधीच लिहितोय कारण बरंच घडलं.

सोमवारी सकाळी अकराला लुक्सनं दोन बदकं मारली. अकरा वाजता, मामा. म्हातारी वीस पावलांवर कपडे वाळत घालत होती. तिनं हाकललं तर एक तोंडात धरून चालत गेलं, पळालंही नाही. ती दारात बसून राहिली, हातात ओला टॉवेल तसाच.

मंगळवारी लुक्सची बाई आली. इथं त्याच्यासाठी सरकारनं वेगळी माणसं ठेवली आहेत. तरुण आहे, गुडघाभर बूट, सगळीकडं वाकून बघते, तुमच्यासारखीच. म्हणाली हे या वर्षीचं पिल्लू आहे, आई बहुतेक गाडीखाली गेली. दगडामागं तिला हाडं सापडली. मग तिचा चेहरा बदलला. म्हणाली, कुणीतरी याला खायला घालून सोकावून ठेवलंय. असं पिल्लू माणसाला भ्यायचं विसरतं, दारात येतं. मग एक तर गाडीखाली जातं, नाही तर पकडून जन्मभर पिंजऱ्यात ठेवावं लागतं.

तिनं सगळ्यांना विचारलं. मी सांगितलं. माझं जर्मन मोडकं आहे पण एवढं आलं: हेर डोर्न, दगड, पिशवी, मोजे, मी बघितलं. तिनं लिहून घेतलं आणि माझी सही घेतली. आयुष्यात पहिल्यांदा सरकारी माणसानं माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं.

परवा डोर्नच्या घरी सरकारी कचेरीची गाडी आली. चौकशी संपेपर्यंत त्याच्या बंदुका घेऊन गेले. फेब्रुवारीत सुनावणी आहे, परवाना कायमचा जाऊ शकतो. तो अंगणात उभा होता, टोपी काढून. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. चोराची नजर वर होत नाही.

माझा नैवेद्य सध्या बंद. बाई सगळीकडं कॅमेरे लावून गेली आहे, उगाच गैरसमज नको.

प्रताप


१२ डिसेंबर २०१४

प्रताप,

तुझी दोन्ही पत्रं हाती आली. शेवटची ओळ मी तीनदा वाचली. कसला गैरसमज?

मी 'नैवेद्य दाखव' असं लिहिलं होतं. ठेव असं नाही. घरात देवाला ताट दाखवतो, मग ते कोण खातं? आपण खातो. हद्दीवरही तेच. माणसं रिकाम्या हातानं परत यायची कारण कोंबडा तिथंच रांधून, वाघोबाला दाखवून, तिथंच बसून संपवायची. हाडं खड्ड्यात पुरायची, वर दगड. आपल्या वाडीत नियमच आहे, वाघबारसेचं कणभरही हद्दीवर राहता कामा नये. म्हातारे म्हणायचे, वाघोबाला मान द्यायचा, चटक लावायची नाही. तू तेराव्या वर्षी घर सोडलंस, तुला हे सांगायचं राहिलं. त्यातली चूक माझी. पण पुढची तुझी.

हिशेब अगदी सोपा आहे. वाघबारस आणि त्यानंतरचे पाच रविवार, सहा वेळा तू मांस ठेवलंस. पोरकं पिल्लू, त्याला शिकार येत नाही, त्यानं ते खाल्लं. त्या जागेला माणसाचा वास, मांसालाही माणसाचा वास. आमिष लावणारा सापडला आहे, आणि त्यानं दुसऱ्याचं नाव सांगून सही केली आहे.

आता डोर्न. सोमवारी सकाळी, तुझ्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी, मोजे आणि पिशवी घेऊन वाकलेला माणूस काय करत असेल? मांस ठेवणारा पिशवी रिकामी करून उभा राहतो. उचलणारा भरून. पिशवी भरलेली होती की रिकामी, हे तू लिहिलेलं नाहीस. तू बघितलं नाहीस, कारण तुला काय दिसायचं ते आधीच ठरलं होतं. आणि हळद लावलेलं मांस त्या गावात कुणाच्या घरचं असतं, हे ओळखायला शिकारी असावं लागत नाही.

हे सगळं मी शहाणपणानं लिहीत नाही. २००२ साली उसात एक मादी सोकावली होती. मी पंचनाम्यात लिहिलं की एका धनगरानं मेलेली मेंढरं टाकली म्हणून. त्याचा वाडा जवळ होता आणि तो माझ्याशी उर्मटपणे बोलला होता, एवढाच पुरावा. महिन्यानं कळलं, मेलेल्या कोंबड्या पोल्ट्रीवाला टाकत होता. कागद वर गेला होता. मी गप्प बसलो. धनगराला तिथून उठवलं, मादी पिंजऱ्यात गेली आणि पिंजऱ्यातच मेली. तुझ्या मामीलाही हे माहीत नाही. तो धनगर ओतूरच्या बाजारात मला अजून राम राम घालतो. मला ऐकू येत नाही, पण ओठ हलताना दिसतात.

तुझा कागद अजून वर गेलेला नाही. फेब्रुवारी लांब आहे.

भास्करमामा


२२ डिसेंबर २०१४

मामा,

तुमचं सप्टेंबरचं पत्र गादीखालून काढून बघितलं. ठेव असंच लिहिलेलं असेल अशी माझी खात्री होती. दाखव असंच आहे.

पण मला एक सांगा, हे तुम्हाला एवढ्या लांबून कसं दिसतं? तुम्हालाही तिकडं बसून जोडताच येतं. कोल्ह्यानं खाल्लं असेल. पिशवीत डोर्नचं स्वतःचं काही असेल.

नागेशदादाला विचारलं. तो म्हणाला, "तोंड उघडू नकोस. तुझा व्हिसा माझ्या हॉटेलवर आहे आणि माझं हॉटेल त्या कचेरीवर." म्हातारा जर्मन आहे, त्याला काही होत नाही, तुला होईल, असंही म्हणाला. बरोबर आहे ते.

बॉनच्या माणसाशी बोललो आहे. बॅग भरली आहे. नवीन वर्षानंतर जातो. हे पत्र मिळेपर्यंत कदाचित मी इथं नसेन.

प्रताप


४ जानेवारी २०१५

प्रताप,

मला एवढ्या लांबून दिसत नाही. मी तिथं उभा राहिलेलो आहे म्हणून लिहिलं.

जा बॉनला. मी अडवत नाही. मुंबई सोडलीस तेव्हा दुसऱ्यावर ढकललंस, दोहा सोडलंस तेव्हा मुकादमावर. या वेळी ज्याच्यावर ढकललं आहेस त्याच्या घराला पत्ता आहे आणि तुझी खाली सही आहे. नागेशचं म्हणणं खोटं नाही. तुला त्रास होईल. किती होईल ते मला सांगता येणार नाही.

हे पत्र मी तुझ्या आईला वाचून दाखवलेलं नाही.

मामा


२६ जानेवारी २०१५

मामा, पाया पडतो.

पत्ता हार्त्सचाच आहे, पाकीट बघितलं असेल.

तुमचं पत्र सतरा तारखेला आलं. दुसऱ्या दिवशी रविवार, वोल्फ्सबुर्गच्या कादंबरीताई जेवायला आल्या होत्या. कारखान्यात मोठ्या इंजिनिअर आहेत, जर्मन फाडफाड बोलतात. मी त्यांना किचनच्या मागच्या दारात बोलावून सगळं सांगितलं आणि लिहून द्या म्हटलं. त्यांनी अर्ध्यात पेन थांबवलं. "प्रताप, हे कचेरीत गेलं की परत घेता येत नाही, कळतंय ना? गेनाऊ, अगदी असंच लिहू?" मी म्हटलं, असंच. वाघबारसेला जर्मनमधे काय म्हणायचं यावर त्या बराच वेळ अडल्या. शेवटी 'मांजराचा सण' असं लिहिलं. बाई वाचून काय समजली असेल देव जाणे.

पण कागद टाकायच्या आधी डोर्नकडं गेलो. तोंडानं सांगायचं ठरवलं होतं. दार उघडलं, आत घेतलं नाही. बर्फ पडत होता. मी पाठ केलेलं म्हटलं: मांस मी ठेवलं. देवासाठी. तुमचं नाव खोटं सांगितलं.

त्यानं माझ्या बुटांकडं बघितलं. मग विचारलं, "किती वेळा?"

"सहा."

त्यानं बोटं वर केली. "चार मी उचलली. सगळी पिवळी." उरलेली दोन बोटं तशीच धरून ठेवली. "दोन त्यानं खाल्ली."

मी विचारलं, मग बाईला का नाही सांगितलं, माझंच आहे म्हणून? तो म्हणाला, मला वाटलं तू म्हातारीला गाव सोडायला लावायला हे करतोयस, घर स्वस्तात मिळावं म्हणून, नाही तर ते जनावर विकायला पकडतोयस. खात्री नव्हती. खात्री नसताना मी नाव सांगत नाही. असं म्हणून दार लावलं. माफ केलं असं काही म्हणाला नाही. मीही मागायला विसरलो.

बंदुका त्याला परत मिळाल्या. माझं प्रकरण कचेरीत आहे, पत्र येईल म्हणाले. नागेशदादा कामापुरतं बोलतो. फ्राऊ लेमकेनं खोली काढून घेतली नाही, पण आता रोज संध्याकाळी ती स्वतः येऊन बदकं मोजते, मी मोजलेली असली तरी. मी बाजूला उभा राहतो.

लुक्सची बाई मात्र कागद वाचून रागावण्याऐवजी आधी खाली बसली. म्हणाली, दोनच वेळा असेल तर अजून वेळ आहे. पिंजरा लावलाय खरा, पण महिनाभर थांबू. परत माणसाजवळ आलं तर हाकला, मनापासून हाकला. भ्यायलं तर सुटलं. नाही भ्यायलं तर पकडून आत.

काल सकाळी दहाला ते आलं. दगडावरच बसलं होतं, मामा, बर्फात, पुढचे पाय जवळ घेऊन. रविवार होता. माझीच वाट बघत होतं, यात जोडलेलं काही नाही. हडकलं होतं. मला बघून उठलं आणि दोन पावलं माझ्याकडं आलं.

मी किचनमधलं मोठं पातेलं आणि झारा घेऊन धावलो. हात वर केले, पातेलं बडवलं, आणि तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. आपल्या वाडीतल्या, मुंबईतल्या, दोह्यातल्या, सगळ्या. कुंकू लावलेल्या दगडासमोर वाघोबाची आईबहीण काढली. ते जागच्या जागी थबकलं. त्याला कळेचना. मी बर्फाचा गोळा मारला, तो खांद्याला लागला. रडत होतो बहुतेक, म्हातारी नंतर म्हणाली. आणखी एक मारला. मग ते वळलं आणि सुटलं, पोट जमिनीला लावून.

झाडांच्या कडेला जाऊन एकदा थांबलं. मागं वळून माझ्याकडं बघितलं. कान पाडलेले, डोळे बारीक. मामा, ती नजर मला चांगली ओळखीची आहे. त्याला माझा संशय आला होता.

प्रताप